निळ्या शर्टाचा पुकारा

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतल्या बाईला कंडक्टर लोक भोंगाबाई म्हणायचे. आवाजच तसा! नवरा म्हणायचा, "घरात तरी माइक बंद ठेव गं." पण हट्टी एवढी, की हरवलेला माणूस सापडेपर्यंत पुकारा सोडायची नाही. एकदा एक आजोबा घरी जाऊन जेवून झोपले, तरी ही बोलावतेच आहे! सुनेने त्यांना खिडकीपुढे आणून उभं केलं, तेव्हा कुठे "आजोबा सापडले" म्हणून गप्प बसली.

मग समोरच्या चौकात मोर्चा आला आणि पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी थेट माणसांवर सोडली. निळ्या शर्टातला एक पोरगा, मोर्चातला नव्हेच, बसची वाट बघत होता. डोक्यात नळकांडं बसून कोसळला. पोलिसांनी गाडीत घालून नेला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? 'धुरामुळे काहींना किरकोळ त्रास.' वा रे किरकोळ! छापणाऱ्यांच्या तोंडाला वरूनच कुलूप होतं.

पोराची आई दारोदार फिरून खिडकीशी आली. चौकीत म्हणाले, असा कुणी आणलाच नाही. दवाखान्यात म्हणाले, परगावी गेला असेल.

"आहे की नाही, एवढं तरी कुणी तोंडाने सांगा हो!"

भोंगाबाईने पोरगा पडताना पाहिला होता. पण तिने सांगून काय उपयोग? ज्यांनी नेला, त्यांनीच सांगायला हवं. "ताई, बाकावर बसा," म्हणाली आणि माइक ओढला.

"निळा शर्ट, कुरळे केस. पोलिसांच्या गाडीतून नेलेल्या मुलाला चौकशी खिडकीपाशी आणावं. आई वाट बघतेय."

गाडी लागली की हाच पुकारा. स्थानकप्रमुखाने हात जोडले, "बाई, तुमची जाईल आणि माझीही नोकरी जाईल!"

"सापडला की थांबते." आणि आवाज? खणखणीत!

शेवटी पोलिसांचा मोठा साहेब तणतणत आत शिरला. बाईचं बोट माइकच्या बटणावर होतं. तिने ते काढलं नाही.

"बंद करा हे! कुणाला बोलावताय?"

"निळ्या शर्टवाल्याला, साहेब. तो येईपर्यंत..."

"येईल कसा? मेलाय तो! नळकांडं डोक्यात बसून मेलाय, शवागारात पडलाय!"

भोंग्यातून ते सगळ्या फलाटांवर गेलं. साहेबाने तोंडावर हात धरला, पण आता काय! बाकावरच्या आईने हंबरडा फोडला.

भोंगाबाईचे डोळे वाहत होते. पण धन्य ती बाई, तेव्हाही तिने शिरस्ता मोडला नाही.

"निळ्या शर्टातला मुलगा सापडला आहे," ती म्हणाली. "आई त्याला न्यायला निघाल्यात. कुणीतरी त्यांच्याबरोबर जा."

त्या दुपारी एकही गाडी सुटली नाही. बसायला स्थानकात माणूसच उरलं नव्हतं.