काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरचा निळा शर्ट

थोरल्या भावानं अमेरिकेहून लिहिलं होतं, ‘मी निळा शर्ट घातलाय, म्हणजे तुम्हाला लगेच ओळखू येईन.’ आमच्या गावात टीव्ही एकच, तोही दूध सोसायटीचा आणि काळा-पांढरा. तो घेतला भाऊ गेल्यानंतर, हे कबूल. पण सहा वर्षांपूर्वीपर्यंत याच गावात राहिलेल्या माणसानं थोडं तरी डोकं चालवायला हवं होतं. पत्र वाचता वाचता मी ते बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, “आसू दे की. शर्ट कशाला बगायचाय?”

भाऊ कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीचे म्हातारे मालक तिकडचे फार मोठे गृहस्थ, या धंद्यातल्या अगदी पहिल्या माणसांपैकी. त्यांच्यावर एक माहितीपट निघाला होता, आणि त्यातली मुलाखत भावाच्या खात्यातच घेतली होती. साहेब बोलत असताना मागच्या टेबलाशी वाकून काहीतरी जोडत बसलेला माणूस म्हणजे आमचा भाऊ. पाठोपाठ त्याच्या मुंबईच्या मित्राचं कार्ड आलं की हा माहितीपट येत्या रविवारी सकाळी दहाला आपल्या टीव्हीवर दाखवणार आहेत.

आईनं ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्याच्या आधी महिनाभर ती एका वेगळ्याच काळजीत होती. भाकरी थापता थापता एकदा हात थांबवून म्हणाली होती, “त्याचं तोंडच आठवंना झालंय बग मला.” मी म्हणालो, फोटो आहे की भिंतीवर. तर म्हणाली, “फोटूतलं न्हाय रं. हालतं-बोलतं तोंड. डोळं मिटलं की दिसायचं, आता दिसंना.” मी समोरच पाटावर बसलो होतो, चांगला हालता-बोलता. मला वाईट वाटलं, आणि आईच्या दुःखात आपल्याला स्वतःचं वाईट वाटतंय याची लाजही वाटली. भाकरी खाऊन उठलो.

मी तेव्हा सोसायटीत दुधाची फॅट तपासायच्या कामावर होतो. वय सव्वीस. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. तेर गावाच्या बाजूला नदीत नुसती वाळू उरली होती. जनावरं सरकारी चारा-छावणीवर गेली आणि त्यांच्या मागं घरटी एक-दोन माणसं गेली. माझ्या बरोबरीचे काही पुण्याला, काही खडी फोडायला. पूर्वी रांग हटत नसे तिथं आता सकाळी दोन कॅन भरले तरी पुष्कळ. ते रवाना केले की पालथ्या कॅनांच्या सोबतीनं दुपारपर्यंत बसायचं. कधीकधी संध्याकाळी आईशी बोलायला तोंड उघडलं की ध्यानात यायचं, आज दिवसभरातलं हे पहिलंच वाक्य. भावाच्या पत्रात असायचं की इथं फार एकटं वाटतं. मी ते वाचून दाखवायचो, आईचे डोळे भरायचे. मला मात्र कुणाला पत्र लिहायची सोय नव्हती, कारण मी घरीच होतो.

रविवारी आई विहारात जायचं पांढरं लुगडं नेसून निघाली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, इस्त्रीचा सदरा काढला. मी आधी जाऊन सोसायटी झाडून घेतली, सतरंजी टाकली. गावात उरलेली म्हातारी-कोतारी माणसं आमच्या आधीच येऊन बसली होती. लाइट होती, हीच मोठी मेहेरबानी. टीव्ही लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या.

मी शिडी लावून माळवदावर, सोसायटीच्या मातीच्या छपरावर चढलो. अँटेना लोखंडी पाइपावर बांधलेली, तोंड सोलापूरकडं. पाइप थोडा फिरवला आणि खालून ओरडा झाला, “आलं, आलं!” हात काढला की, “गेलं!” पुन्हा धरला, “आलं!” असं चार-पाच वेळा झालं. आमच्या त्या अँटेनाची ती खोडच होती, माणसानं पाइप धरून ठेवला तरच चित्र टिकायचं. एरवी लोक आळीपाळीनं वर चढायचे. त्या दिवशी खाली बसलेल्यांत शिडी चढू शकेल असं कुणी नव्हतं. पाइप तापला होता म्हणून मी टॉवेल गुंडाळून धरला, तर पुन्हा ओरडा, “गेलं!” टॉवेल फेकला आणि उघड्या हातांनी पाइप धरून उभा राहिलो.

माहितीपट मी पाहिला तो असा. म्हणजे ऐकला. खाली खिडकी उघडी होती आणि आवाज पूर्ण सोडलेला. म्हाताऱ्या साहेबांचा आवाज खरखरीत होता, मधूनच ते स्वतःशी हसायचे. माझं इंग्रजी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचं, त्यामुळं निम्मं समजलं, निम्मं वाऱ्यावर गेलं. सुरुवातीला ते एका गोदामात एकटेच काम करायचे, घरच्यांना त्यांचं काम कधी कळलं नाही, असं काहीसं ते सांगत होते. मग म्हणाले, हे यंत्र एक दिवस लांबच्या माणसांना जवळ आणेल. मी माळवदावरून पाहिलं. कुलपं लावलेली घरं, निष्पर्ण बाभळी, लांबवर छावणीकडं जाणारा रस्ता आणि त्यावर कुणीच नाही. माझी आई माझ्या पायांखाली दहा हातांवर बसून सातासमुद्रापलीकडं बघत होती. साहेब, म्हटलं, तुमचं यंत्र येईल तेव्हा येईल.

पण हात काढला नाही. एकदा फार चटका बसला तेव्हा वाटलं, सोडून द्यावा. नेमका त्याच क्षणी तो दिसायचा असला तर? मग सोडला नाही. अर्ध्या तासानं खालून कुणीतरी म्हणालं, “संपलं, उतर आता.”

मी दारात येताच आईनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “दिसला रं. लई वाळलाय.” झालं! मग सगळ्यांनाच तो दिसला होता. एक म्हातारी म्हणाली, “मिशी ठिवलीय त्यानं.” अण्णा म्हणाले, “एकदा मान वर करून बगितलं की त्यानं, सरळ आपल्याकडंच.” सगळे बोलत होते, मी हात रांजणातल्या पाण्यात बुडवून बसलो होतो. तो दिसला याचा मला खरंच आनंद झाला. आणि गावात एकट्या मलाच तो दिसला नाही, हेही डोक्यातून जाईना.

पंधरा दिवसांनी भावाचं पत्र आलं. अण्णा बाहेर गेले होते. मी उंबऱ्यात बसून नेहमीप्रमाणं मोठ्यानं वाचू लागलो आणि मधेच अडखळलो. लिहिलं होतं, ‘माहितीपट इथं आत्ता पाहिला. आमच्या खात्यात घेतलेला भाग कापून टाकलाय. नुसते साहेब दिसतात, मी कुठंच नाही. आई उगीच वाट बघत बसली असेल. तिला नीट समजावून सांग.’

मी ती ओळ गाळली. म्हणालो, “तो म्हणतोय, तुम्ही पाहिलंत, बरं वाटलं.”

आई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. “खोटं वाचू नगंस,” म्हणाली. “त्यो न्हवताच त्यात. म्या पापणी हालवली न्हाय. सारा येळ ते म्हातारंच बोलत व्हतं.”

“मग दिसला म्हणून का सांगितलंस?”

“तू वर उन्हात पाइप धरून हुबा व्हतास. खाली आलास तवा दोन्ही हात लालभडक. तुला काय सांगू, कुणीच दिसलं न्हाय म्हणून?” मग म्हणाली, “अण्णांना बोलू नगंस. त्यांनी खरंच बगितलाय त्याला.”

मी पत्राची घडी घातली. तिच्या सुपातल्या शेंगा घेऊन फोडू लागलो. तळहाताची साल अजून निघत होती. तिनं माझा हात धरून उलटा करून पाहिला, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि पुष्कळ वेळ बघतच राहिली.

“तूबी लई वाळलायस,” ती म्हणाली.