भिंतीकडे तोंड केलेला गणपती

पाण्याखाली पेटलेले ते दोन दिवे मला अजून दिसतात.

डिचोली तालुक्यात, सुर्ल्याच्या बाजूला, एक बंद पडलेली खाण होती. तिच्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलेलं. सकाळी पाव विकत फिरणाऱ्या पोदेराने ठाण्यात फोन केला, की खड्ड्यात टिप्पर उलटलाय आणि आत कुणीतरी दिवे लावून बसलंय. आम्ही पोचलो तेव्हा दाट धुकं होतं. टिप्परची चाकं वर, केबिन पाण्यात आणि तळातून पिवळा उजेड वर येत होता. माझा हवालदार पुढे पाऊल टाकेना. खड्ड्याजवळच्या वळणावर देवचाराचं भूत गाड्या ढकलतं, असं गावात बोललं जायचं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. देवचाराचा जबाब घेता येत नाही, एवढं मला कळत होतं.

अग्निशमन दलाने फुटलेल्या काचेतून चालकाचा मृतदेह बाहेर काढला. तो सावंतवाडीकडचा, बायकोसह इथेच भाड्याने राहायचा. त्याचा मावसभाऊ त्याच टिप्परवर दुसऱ्या पाळीला होता. बातमी ऐकून तो धावत आला, रडला. संध्याकाळी गाडी भावाच्या ताब्यात दिली, त्यानंतर ती पाहिलीच नाही, भाऊ पिऊन निघाला असणार, असं त्याने सांगितलं. तसंच धरलं असतं तर स्वतःच्या निष्काळजीपणाने मृत्यू, अशी नोंद होऊन प्रकरण मिटलं असतं. पण मेलेल्या चालकाची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"साहेब, गाडयेत देव आसताना तो सोऱ्याचो थेंब घेवचो नाय. पिऊन मेलो म्हणान लिहू नकात."

क्रेनवाला आला. उलटलेल्या गाड्या काढण्यात त्याची उमर गेली होती. आल्याआल्या त्याने जागेच्या राखणदाराला म्हणून काठावर नारळ फोडला. मी घाई केली तर म्हणाला, "तुमचो पंचनामो मागीर. आदी राखणदाराचो."

त्याचा आणखी एक नेम होता. पट्टा बांधण्याआधी केबिनमधला देव त्या गाडीच्याच माणसाने बाहेर काढायचा. देव आत उलटा असताना तो गाडी ओढत नसे. त्याने मावसभावाला हाक मारली, पाण्यात उतर आणि देव काढ.

"देव नाय गाडयेत," तो काठावरूनच म्हणाला. "तू बांध पट्टो."

क्रेनवाल्याचे हात थांबले. देव आधीच उतरून गेला, म्हणजे गाडीला मरण ठाऊक होतं, असं काहीतरी पुटपुटत त्याने पट्टा खाली टाकला. मी मात्र मावसभावाकडे पाहत होतो. डॅशबोर्ड अजून पाण्यात होता. हिरव्या पाण्यात मृतदेह काढणाऱ्यांनाही तो दिसलेला नव्हता. मग याला कसं कळलं? मी गप्प राहिलो. संशयिताला पहिल्याच शब्दाला हटकलं की तो दुसरा शब्द जपून बोलतो.

क्रेनवाल्याची समजूत काढावी लागली. गाडी हवेत सरळ होत असताना तिचा हॉर्न एकदा लांबलचक वाजला आणि दिवे विझले. वायरिंगमध्ये पाणी गेलं असणार, असं मी मोठ्याने म्हणालो.

केबिन निथळल्यावर आत पाहिलं. डॅशबोर्डवर गणपतीची जागा रिकामी होती. आपटून मूर्ती निखळली असती तर स्क्रूची भोकं फाटली असती. ती शाबूत होती. देव स्वतःच्या पायांनी उतरला नव्हता. कुणीतरी सावकाश स्क्रू फिरवून त्याला उतरवलं होतं.

ठाण्यात मी मावसभावाला खुर्ची दिली, चहा दिला. अपघाताबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फक्त विचारत राहिलो, गणपती कुठे आहे. आधी माहीत नाही म्हणाला, मग भावाने विकला असेल म्हणाला. मग त्याने चहाचा कप बाजूला सारला.

"घराक आसा. भिंतीकडे तोंड करून ठेवलंय."

"कशाला?"

"बघता तो."

पुढचं त्यानेच सांगितलं. गाडी कुणी चालवायची यावरून दोघांची बाचाबाची झाली, त्याने जॅकचा दांडा मारला, भाऊ पडला. मेला असं वाटून त्याला स्टेअरिंगवर बसवलं. गणपती काढून काठावरच्या दगडावर ठेवला. दिवे लावून गाडी उतारावर सोडली. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, आरोपीने काढून दिलेली वस्तू टिकते. म्हणून पंच घेऊन लगेच त्याच्या खोलीवर गेलो. देव्हाऱ्यात समई तेवत होती, सगळ्या देवांना ताजी फुलं होती. एकटा पितळी गणपती पाठ करून बसलेला. पंच हात लावेनात. रुमालात धरून मीच तो वळवला. कानांच्या खाचेत खाणीची लाल माती होती.

शवविच्छेदनाचा अहवाल आला. पोटात दारू नव्हती. फुप्फुसांत पाणी होतं. गाडी सोडली तेव्हा माणूस जिवंत होता.

घटनास्थळी काय सापडलं हे सगळेच पाहतात. मरणाआधी तिथून काय वाचवून नेलं गेलं, हेही पाहायला मी त्या प्रकरणापासून शिकलो. पुढे ते कामी आलं. पण आठवण येते ती वेगळ्याच गोष्टीची. कोर्टाच्या आदेशाने मुद्देमालातला गणपती मी त्या बाईच्या हाती दिला, तेव्हा तिने तो पदराने पुसला. पिऊन मेलो नाय, एवढं कागदावर आलं म्हणून तिने मला हात जोडले. आणि दारातून मागे वळून विचारलं,

"साहेब, देव आदी भायर काढल्यान. मगे माझ्या घोवाच्या नाकाकडे एकदा हात धरून बघूक काय झाला हुता तेका?"