खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

काल मी विलासचं मशीन बंद केलं आणि ते पुन्हा उठेना.

इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

आज माझ्या नवऱ्याला, विलासला, जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या दसऱ्याला वर्ष सरलं नव्हतं, घरात सण नव्हता. म्हणून यंदा सासूबाईंना खंडेनवमी साग्रसंगीत करायची होती.

भिसेगावात आमचं घरोघर इंटरनेट पुरवायचं ऑफिस आहे, तिथं त्याचा सर्व्हर आहे. लोक सारखं जे बघतात ते तो डिस्कवर साठवून ठेवतो, म्हणून आमची बारीक लाइन पार डोंगराकडच्या कोंडाणे गावापर्यंत पुरते. सगळ्यांचं नेट त्याच्यातूनच जातं. आमचं घरही त्याच्यावरच चालतं.

विलास चालत्या मशीनलाच हळदकुंकू लावायचा. मला तो आळशीपणा वाटायचा.

"आज तरी त्याला इसावा दे गं," सासूबाई म्हणाल्या. "वरसभर राबतंय, त्याला काय जीव नाय?"

मी शटडाऊन केलं. पुसलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग बटण दाबलं.

टक्. टक्. टक्.

वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क एकदा थांबली की कधीकधी पुन्हा फिरतच नाही. हे मला ठाऊक होतं हो! पूजेच्या नादात डोकं गहाण ठेवलं.

स्क्रीनवर आलं, एक डिस्क उघडत नाही.
मग दुसरी.

एक नवी कंपनी घरोघर फिरतेय. दिवसभर नेट गेलं असतं तर गिऱ्हाइकं गेलीच म्हणून समजा.

फोन वाजायला लागले. एकही उचलला नाही.

"माजंच चुकलं गं, माजंच चुकलं," सासूबाई रडायला लागल्या. मला ओरडायचं होतं. पण मी स्क्रीनवरनं नजर काढली नाही.

तिसरी डिस्क उघडली.
पहिल्या दोन डिस्क वगळून सर्व्हर रडतखडत सुरू झाला.

विलासनंच तसं सेट केलं होतं. मी तेव्हा वाद घातला होता, "डिस्क गेली तर सगळं बंदच पडू दे ना. निदान कळेल तरी."

"कळायला स्क्रीन हाय की! गिऱ्हाइकाचं नेट कशाला मारतेस? गेलेली सोडायची, उरलेल्यावर चालू व्हायचं."

नेट आलं, पण मला खुर्चीतून उठवेना. आज नव्या डिस्क मागवल्यात, त्या बसवता येतात मला.

डिस्क गेली तर काय करायचं, ते तू सांगून ठेवलंस रे.

तू गेलास तर काय करायचं, ते विचारायचं राहूनच गेलं.

विलास, तुला आम्हां दोघींचा नमस्कार.