कुंदाचा डावा हात

फोन आला तेव्हा मी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाबाहेर चपला शोधत होते. यात्रेची गर्दी ओसरल्यावर जायचं, हा माझा दरवर्षीचा नेम. खांद्यावरच्या पिशवीत प्रसादाचा नारळ, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि कुंदाचा माउस होता. माउस म्हणजे कॉम्प्युटरचा, शेपटीसकट. घरी ठेवला असता तर तिने शोधून काढला असता, म्हणून मी त्याला देवदर्शनाला घेऊन गेले होते... धाकटे भाऊजी फोनवर एवढंच म्हणाले, "वहिनी, कुंदा उठत नाहीये." मी म्हटलं, "झोपली असेल, दुपार आहे." म्हणजे तेव्हासुद्धा शहाणपणा माझाच. चारोटीपासून डहाणूपर्यंत मी पिशवी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले होते आणि खड्डा आला की तो माउस नारळावर टकटक आपटत होता.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल मवाळ लिहायचं असतं म्हणतात. ते मला जमणार नाही. मला राग आला आहे आणि तो कोणाकोणाचा आहे ते मी सांगणार आहे. यादीतलं पहिलं नाव कोणाचं, ते तुम्हाला फार वेळ शोधावं लागणार नाही.

कुंदा माझी धाकटी जाऊ. तलासरीच्या एका मास्तरांची मुलगी. डहाणूच्या आमच्या चिकूच्या वाडीत ती लग्न होऊन आली तेव्हा मी चार वर्षांची जुनी सून होते आणि स्वतःला घराची कलेक्टर समजत होते. मनगटावर घड्याळ, कमरेला किल्ल्या, नाक वर. पहिली पंगत किती वाजता उठली, दुसरी किती वाजता बसली, सगळं मला मिनिटांत पाठ. अशी ती सव्वीस वर्षांची बाई आज माझ्यासमोर आली, तर मी तिला आधी ते घड्याळ काढून ठेवायला सांगेन आणि मग कान धरून अंगणात उभं करेन.

कुंदा डावखुरी होती. आल्यानंतर आठ-दहा दिवसांत घरी पाहुण्यांची पंगत होती आणि ही बाई पळी डाव्या हातात घेऊन सरळ वरण वाढत सुटली. सराईत, झपझप, एक थेंब इकडेतिकडे नाही. मी मात्र पाहिला तो फक्त हात. डाव्या हाताने वाढणं म्हणजे अन्नाचा अपमान, पाहुण्यांचा अपमान, घराण्याचा अपमान... मी तिला आत बोलावलं, तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि तीच तिच्या डाव्या मनगटावर मारली. फार जोरात नाही. पण मारली. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायचीही सोय नाही. मग तीन महिने वाढायच्या वेळी तिच्या त्या मनगटाला मी माझा रुमाल बांधत असे, आठवण राहावी म्हणून. कुंदा उजव्या हाताने वाढायला शिकली. सावकाश वाढायची, थोडं सांडायची. मग मीच सगळ्यांना सांगायचे, "आमची कुंदा जरा मंदच आहे हो." आणि हे मी थोडीथोडकी नाही, अडतीस वर्षं सांगितलं.

२०१४ साली माझी नात ऋतुजा कॉलेजला गेली. तिला नवा लॅपटॉप मिळाला आणि तिचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत, चिकूचे खोके ठेवतो तिथे, येऊन पडला. त्यात गेम होते. मला तिने रंगीत खडे तीन-तीन एका ओळीत लावायचा खेळ शिकवला. त्यात डोकं शांत होतं, पाखडलेले तांदूळ निवडल्यासारखं. कुंदाला तिने दुसरा उघडून दिला. समुद्रकाठची छोटी खानावळ. गिऱ्हाइकं येतात, टेबलाला बसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर पत्त्यांतले असतात तसे पाच लाल बदाम. पाणी द्या, ऑर्डर घ्या, ताट न्या, टेबल पुसा. उशीर झाला की एकेक बदाम विझतो आणि सगळे विझले की गिऱ्हाईक पाय आपटत निघून जातं.

कुंदाने माउस उजव्या हातात धरला. बाण एकीकडे, गिऱ्हाईक भलतीकडे. पहिली चार माणसं उपाशी गेली. ऋतुजा जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कुंदाआजी, तुम्ही डावखुऱ्या आहात का?" कुंदाने माझ्याकडे पाहिलं. साठीला टेकलेली बाई, मुलीचं लग्न करून तिला बडोद्याला पाठवलेली, आणि अजून माझ्याकडे बघते, परवानगी आहे का म्हणून!

"घे की," मी म्हटलं. "इथे कुठे नैवेद्य दाखवायचाय?"

माझी क्षमायाचना ती एवढीच. तीसुद्धा टोमण्यात गुंडाळून.

ऋतुजाने माउस डावीकडे सरकवला, त्याची बटणं आतून उलटी करून दिली. आणि मग मी जे पाहिलं... तो हात नव्हताच, पाखरू होतं. तीन टेबलांचं पाणी एका फेरीत, पुसता पुसता पुढची ऑर्डर. कोणाचा तिसरा बदाम ती विझू देत नसे. मंद कुंदा! मी खुर्चीवर बसून बघत होते आणि मला घाम फुटला होता.

तेव्हापासून दुपारी दोन ते चार आम्ही दोघी मागच्या खोलीत. एक डाव तिचा, एक माझा. घरातले हसायचे. मीही एकदा विचारलं, "अगं, सकाळपासून वाढतेस, रात्री पुन्हा वाढायचंय, मग दुपारी तरी दुसरं काही खेळ. यात कसली विश्रांती?"

"ताई, इथे मी कोणत्या हाताने वाढते ते कोणी बघत नाही," ती म्हणाली. पडद्यावरून नजर न काढता. तिला बोचायचं नव्हतं. बोचायचं असतं तर बरं झालं असतं.

पाच वर्षांत तिने आवाज चढवला नाही, पण एकदा भाऊजी अडीच वाजता दारात येऊन म्हणाले, "चहा टाकतेस ना?" तर मान न वळवता कुंदा म्हणाली, "चार वाजता." बस्, दोन शब्द. भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी खडे बघायला लागले. ते तसेच परत गेले आणि तेव्हापासून या घरात चहा चारला होतो.

मग डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली. पहिला मोठा धक्का दुपारी आमच्या डावात बसला, तेव्हा खोके धडाधड पडले. मी पदर खोचून अंगणात पळाले ती चप्पलसुद्धा विसरले. कुंदा सगळ्यात शेवटी बाहेर आली. मी ओरडले, "मरायचंय का तुला? करत काय होतीस?"

"पॉज दाबला. दोन नंबरच्या टेबलावर म्हातारी बसली होती." आणि वर म्हणते, "ताई, मी एवढ्यात माहेरी गेले नाही ना, म्हणून तलासरीच इकडे यायला निघालीय."

यंदाच्या उन्हाळ्यात तिचा हात दुखायला लागला. डावा. खांद्यापासून बोटांपर्यंत जड व्हायचा. एकदा घामाने निथळत म्हणाली, "ताई, जिना चढले की जास्त होतं." आणि मी, चाळीस वर्षं तिचा हात बरोबर की चूक हे ठरवणारी मी, ताबडतोब म्हणाले, "माउसने दुखतोय. पाच वर्षं रोज दोन तास तोच हात. होईल नाहीतर काय?" घरात सगळ्यांना ते पटलं. कॉम्प्युटरवर डावा हात चालवणारी आमच्या ओळखीत दुसरी बाई नव्हती, त्यामुळे दुखण्याचं कारण इतकं समोर दिसत होतं की आणखी कोणी शोधलंच नाही. मी तिळाचं तेल कोमट केलं, ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली आणि माउस उपटून माझ्या कपाटात ठेवला. "पंधरा दिवस विश्रांती," मी जाहीर केलं. कुंदा काही बोलली नाही. मनगटाला रुमाल बांधला होता तेव्हाही बोलली नव्हती.

सहा दिवस माउस माझ्याकडे होता. सहाही दिवस तिचा हात दुखतच होता. ही दोन सरळ वाक्यं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसली नाहीत. मी खडे तीन-तीन लावत होते ना रोज? एका रंगाचे तीन शोधून काढायची केवढी हुशारी! हात, जिना, घाम... हे तीन समोर मांडलेले होते आणि मला दिसले नाहीत. दुपारी ती झोपाळ्यावर नुसती बसून राहायची. दोन वाजले की स्वयंपाकघरातून कोणी हाक मारली तर उठायची, कारण आता नाही म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं. तिची विश्रांती मी विश्रांतीच्या नावाखाली काढून घेतली होती. सातव्या दिवशी त्याच झोपाळ्यावर ती गेली.

स्टेशनजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हात किती दिवस दुखत होता?" मी म्हटलं, "तो माउसमुळे." ते तरुण डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आजी, ते हृदयाचं दुखणं होतं." मला त्यांचा राग आला. हळू बोलले म्हणून.

आता तेराव्याचं सांगते. माझी नणंद उंबरगावहून आली होती. माजघरात बायका जमल्या होत्या आणि वन्सं म्हणाल्या, "त्या कॉम्प्युटरने खाल्लं हो तिला. हात मोडून आला तरी बाई सोडायला तयार नाही. या वयात कसले मेले गेम?" सगळ्यांच्या माना डोलल्या. भाऊजी खांबाला टेकून बसले होते, त्यांनीही मान खाली घातली. आणि मी? मी पाच मिनिटं गप्प बसले. हे लिहिलंच पाहिजे. कारण ते माझ्या सोयीचं होतं. खेळाने मेली म्हटलं की माझ्या कपाटाकडे कोणी बघणार नव्हतं. त्या पाच मिनिटांची मला जेवढी चीड आहे तेवढी पळीचीही नाही. पळी मारली तेव्हा निदान अक्कल नव्हती.

मग कुंदाच्या नावाचं पान वाढायची वेळ आली. मान मोठ्या जावेचा. मी पळी उचलली, डाव्या हातात घेतली आणि वरण वाढलं. सांडलं. भात वाढला, तोही पानाबाहेर गेला.

"वहिनी! डावा हात!" वन्सं किंचाळल्या.

"जिचं पान आहे तिला चालतो," मी म्हटलं. "आणि ऐका सगळ्यांनी. तिला खेळाने खाल्लं नाही. सहा दिवस तिने माउसला हात लावला नव्हता, कारण तो मी लपवला होता. हात माउसने दुखतो, हे निदान माझं. जिना चढून दुखतो, हे तिने मला सांगितलं होतं. डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी तिला तेल दिलं. बोलायचंच असेल तर मला बोला."

कोणी बोललं नाही. त्याचाही मला राग आला. "वहिनींना दुःख अनावर झालंय," असं कोणीतरी कुजबुजलं आणि मला पाणी आणून दिलं. इतकं स्पष्ट सांगूनही या लोकांना खरं नको असतं, पाणी द्यायचं असतं. म्हणून छापून सांगते आहे. तुमच्या घरात एखाद्या बाईचा हात दुखत असेल, तर ती काय खेळते ते आधी काढून घेऊ नका. तिला घेऊन जा. आणि ती दुपारी दोन तास दार लोटून बसत असेल तर बसू द्या.

माउस मी परत नेऊन ठेवला. डावीकडेच. ऋतुजा फोनवर म्हणाली, "आजी, बटणं सरळ कशी करायची ते सांगू का?" म्हटलं, "खबरदार." आता मी दोन वाजता बसते, खडे नाही, खानावळ. डाव्या हाताने. बाण भिंतीवर चढतो, ताट चुकीच्या टेबलावर जातं, गिऱ्हाइकं पाय आपटत निघून जातात. जाऊ देत. मंद म्हणजे काय असतं ते मला या वयात कळतं आहे आणि मनगटावर मारायला कोणी नाही, हे माझं नशीब.

परवा पावणेतीनला दारात भाऊजी येऊन उभे राहिले. मला वाटलं नेहमीचंच. पण ते पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "वहिनी, तीन नंबरच्या टेबलाला आधी पाणी द्या. पाणी दिलं की तो माणूस थांबतो. ती तसंच करायची."

म्हणजे हे पाच वर्षं दाराआडून बघत होते. कोणत्या टेबलाला आधी काय, इथपर्यंत त्यांना पाठ होतं.

"मग तेराव्याला तोंडात काय धरलं होतंत?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. मी तीन नंबरला पाणी दिलं. वाकडंतिकडं जाऊन दिलं, पण दिलं. तो माणूस थांबला. भाऊजी एका खोक्यावर टेकले आणि जरा वेळाने, सवयीने, म्हणाले, "चहा...?"

मी मान वळवली नाही.

"चार वाजता."