जपानहून आलेली शेड

त्या शनिवारची आठवण झाली की माझं डोकं अजूनही फिरतं. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर मी तेव्हा पाहुण्यांना कागदी लॅम्पशेड करायला शिकवायचे. जपानी पद्धत. जाड कागदाची घडी घालायची, दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं चिरा द्यायच्या, उलगडलं की जाळी तयार. नियम एकच, चीर पलीकडच्या कडेपर्यंत न्यायची नाही, थोडी जागा राखायची.

पाहुण्यांनी ऐकलं तर शपथ! फोटो काढायच्या नादात एकेकानं कागद आरपार कापला आणि पट्ट्या हातात घेऊन वर मलाच विचारलं, "कागद खराब आहे का हो तुमचा?"

कप उचलायला आलेल्या मावशी माझ्या टेबलाशी थांबल्या. पवनानगरकडच्या, रिसॉर्टवर साफसफाई करायच्या. "ताई, मी करू का एक? जयंतीला विहारासाठी पताका कातरतो आमी. असंच असतंय."

मी कात्री दिली. पेन्सिल नको म्हणाल्या. अंगठ्यानं माप धरत त्यांनी भराभर चिरा दिल्या, आणि शेड उचलून धरली तर तिची जाळी माझ्या नमुन्यापेक्षा सरळ लोंबत होती. नातीच्या अभ्यासाच्या दिव्याला लावायची म्हणून त्या ती जपून पिशवीत ठेवायला निघाल्या.

तेवढ्यात मालक आला. "अरे वा, ही रिसेप्शनला लावू," म्हणाला आणि त्यांच्या हातातून घेतलीसुद्धा. विचारणं वगैरे नाहीच. साफसफाईच्या बाईला काय विचारायचं, असा त्याचा खाक्या! पाच मिनिटांत शेड टांगली. एका पाहुणीनं कुठून आणली विचारलं, तर हा बिनदिक्कत सांगतो, "खास जपानहून मागवलीये. विचारा आमच्या मॅडमना."

संतापानं माझे कान तापले होते. आणि तरी मी हसून मान हलवली, कारण पुढच्या शनिवारचा वर्ग मला हवा होता. मावशी ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या.

संध्याकाळी आम्ही दोघी गेटवर जीपची वाट बघत होतो. मी मालकाला मनसोक्त शिव्या घातल्या. चोर, निर्लज्ज, तोंडाला येईल ते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यो तसाच हाय, त्याचं काय घिऊन बसलाय," त्या म्हणाल्या. "तुमी कशापायी मान हलवली?"