पंख्याचा पट्टा

तिचा उजवा हात आणि माझा डावा हात एकाच बेडीत होता. बेडीची चावी पलीकडच्या काठावर जमादाराच्या खिशात होती. आणि आमची सरकारी जीप नाल्याच्या मधोमध, उजवं चाक खड्ड्यात घालून बसली होती. काठावरून गुडघाभर वाटलेलं पाणी आता सीटवर आलं होतं. ड्रायव्हरनं दोनदा इंजिन चढवून पाहिलं, चाक आणखी रुतलं आणि इंजिन गप झालं. फौजदार साहेब हुडाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून उभे होते. ते पुण्याकडचे, त्यांना पोहता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं.

"बाई, तुमी घाबरू नोका," ती मला म्हणाली. "मी धरलं तुमाले."

नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली बाई मला हे सांगत होती. नोकरीत पुष्कळ पाहिलं, बरंचसं विसरले. ते पाणी विसरले नाही.

गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्यात महिला पोलीस फार थोड्या. मी सातवी शिकलेली शिपाई. कुठल्या ठाण्यात बाई आरोपी आली की बिनतारी संदेश यायचा आणि मला एस.टी. धरावी लागायची. तिच्याजवळ झोपायचं, तिच्याबरोबर परसाकडे जायचं, कोर्टात तिच्या शेजारी उभं राहायचं. तपास पुरुष करायचे. तशीच मला वडशाकडच्या एका ठाण्यात बोलावलं.

प्रकरण असं होतं. वडशाच्या एका माणसानं लिलावात जुनी लष्करी जीप घेतली होती. हौस फार. सायलेन्सरची नळी त्यानं उभी करून हुडाच्याही वर नेली होती, पाणी शिरू नये म्हणून. बांबूनं फुटू नयेत म्हणून दिव्यांना जाळी. मागं पेट्रोलचे दोन डबे, चिखलासाठी चाकाला लावायच्या साखळ्या, बाजूला फावडं आणि कुऱ्हाड. पुढच्या बंपरवर लाकूड डेपोतून आणलेली हाताची घिरणी, तिच्यावर तारेचा दोर. हिवाळ्यात नाटकाची मंडळी गावोगाव पोचवायची, पावसाळ्यात रेशन दुकानांचा माल न्यायचा. एस.टी. बंद झाली की लोक त्याच्या जीपची वाट पाहायचे.

बायको नेहमी बरोबर असायची. पाण्यात गाडी घालण्याआधी बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढणं हे तिचं काम. आमच्या भागात जीप चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पट्टा राहिला तर पंखा फिरतो, पाणी उडवतो, ते डेल्कोवर, म्हणजे प्लगला करंट वाटणाऱ्या डबीवर पडतं, करंट जातो आणि गाडी मध्येच बंद पडते. ती पट्टा काढून गळ्यात घालायची आणि बांबूनं पाणी मापत जीपच्या पुढं चालायची. हे दृश्य अर्ध्या तालुक्यानं पाहिलेलं होतं.

त्या दिवशी माल टाकून ते रिकाम्या गाडीनं परतत होते. ती बांबू घेऊन अलीकडच्या काठाला लागली. जीप मध्येच बंद पडली. वरून लोंढा आला, रिकामी गाडी आडवी झाली, आणि तो स्टिअरिंगखाली अडकला. गावकऱ्यांनी रेड्यांच्या जोड्या लावून जीप पलीकडच्या काठावर ओढली, तेव्हा तो त्याच जागी होता.

ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यू, दाखल झाला. तो तसाच मिटला असता. पण मयताचा धाकटा भाऊ ठाण्यात आला. वडशाला त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. ठाणे अंमलदारासमोर उभा राहून तो म्हणाला, "साहेब, वहिनी दरवेळी पट्टा काढते. त्या दिवशी पट्टा इंजिनालेच होता. काऊन होता, ते इचारा तिले."

आमच्या ड्रायव्हरनं जाऊन बॉनेट उघडलं. पट्टा जागेवर होता. मर्गाचा खून झाला.

मी पोचले तेव्हा चौकशी चालू होती. ती बाकावर बसली होती, नखांत काळं ग्रीस. रडत नव्हती. न रडणाऱ्या विधवेवर पोलीस लगेच संशय घेतात. माझा अनुभव असा की रडण्यावरून काहीच कळत नाही. काही बाया मेलेल्या माणसासाठी रडतात, काही पोलिसांसाठी.

"पट्टा काढणं कोणाचं काम?" साहेबांनी विचारलं.

"माह्यं."

"मग का काढला नाहीस?"

"त्यायनं काढू नाई देल्ला. डेल्कोवर रबराचं टोपण बसवलं होतं. आता पट्टा काढाची कटकट नाई म्हणे."

साहेबांनी पंचनामा वाचला. त्यात टोपण नव्हतं. "कुठं गेलं टोपण? माशांनी खाल्लं?"

"मले का मालूम? तुमी पाहाले पाह्यजे."

"तोंड वर करून बोलते!"

ती नखांतलं ग्रीस कोरत बसली. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा झाले, सरळ विचारून झाले, टेबलावर काठी आपटून झाले. कोठडीत माझ्या शेजारी सतरंजीवर पडल्यावर तिनं मला विचारलं, "बाई, फाशी होते का यात?"

"जन्मठेप होते बहुतेक," मी म्हणाले. खोटा धीर देत बसायची मला सवय नव्हती.

"पोरगी चौथीत आहे माही. दिराच्या घरी राह्यली आता. थो तिले सांगन का मायनं बापाले मारलं म्हून."

मी तिला झोप म्हणाले.

पोलीस कोठडीची मुदत संपत आली होती. साहेबांनी ठरवलं, तिला घटनास्थळी न्यायचं, पाण्यात जीप घालायची आणि त्या दिवशी काय केलं ते पंचांसमोर करून दाखवायला लावायचं. नाल्यावर डोंगा होता, डोंगेवाला सोडून तीन-चार माणसं बसतील एवढाच. जमादार दोन पंचांना आणि दिराला घेऊन आधी निघाला. मी चावी मागितली.

"कायले?" जमादार हसला. "पुरात कुठी पळते थे? अन् पळालीच, त तू आहेस ना संगं."

डोंगा गेला.

आमचा ड्रायव्हर ब्रह्मपुरीकडचा, तोंडाळ पण कामाला पक्का. त्यानं बांबूनं पाणी मापलं, बॉनेट उघडलं, पट्टा काढून खिशात घातला, डेल्कोवर ग्रीस फासलं. आरोपीशी बोलू नये हे त्याच्या लक्षात राहत नसे. पलीकडं उभी असलेली तिची जीप पाहून म्हणाला, "वहिनी, तुमची गाडी मले देऊन टाका. या सरकारी खटाऱ्यानं माही कंबर गेली."

"घेऊन जा, भाऊ," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याची हौस फिटली." मग ती नाल्याकडं पाहून म्हणाली, "डाव्या अंगानं घेजा. उजवीकडून रेड्यायनं आमची गाडी ओढली, तिथं खड्डा पडला."

"आरोपीनं रस्ता दाखवायचा नाही," साहेब म्हणाले. "सरळ घे."

"साहेब, थे सांगून राह्यली त—"

"सरळ घे म्हणलं ना!"

त्यानं सरळ घेतली.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा, पाणी पाहता पाहता चढलं. खाकी साडी पाण्यानं पायांना गुंडाळली गेली आणि मला खाली ओढू लागली.

"सोडा थे लुगडं," ती ओरडली. "लाजेपायी जीव देता का?"

मी निऱ्या उपसल्या आणि साडी सोडून दिली. ती पाण्यावरून वाहत गेली. परकर-पोलक्यावर मी त्या जीपच्या बॉनेटवर चढले, ती माझ्याबरोबर, कारण तिला दुसरा मार्ग नव्हता. तिला पोहता येत होतं. माझा हात नसता तर ती एकटी केव्हाच काठाला लागली असती.

पलीकडं गोंधळ चालला होता. जमादार चावी उंच धरून दाखवत होता, जशी काही ती उडत येणार होती. तेवढ्यात ती ओरडली, "भाऊजी! घिरणी! घिरणीची तार सोडा!"

तिची जीप नाल्याकडं तोंड करून उभी होती, झाडाला बांधलेली. दिरानं घिरणी मोकळी केली. डोंगेवाला तारेचा हूक घेऊन वरच्या अंगाला गेला आणि तिथून प्रवाहाबरोबर आमच्यापर्यंत आला. त्या धारेत डोंगा थांबवून कोणाला घेता येत नव्हतं; जाता जाता ड्रायव्हरनं हूक घेतला. जीपच्या पुढच्या कडीला तो लावायचा, आणि कडी पाण्याखाली होती. पहिल्यांदा तो खाली गेला, वर आला, म्हणाला, "सापडून नाई राह्यली." दुसऱ्यांदा गेला. तार ताणली गेली, म्हणजे हूक बसला होता. तो वर आला नाही.

त्याच्यासाठी थांबता येत नव्हतं. डोंगेवाला प्रवाहाच्या खालच्या अंगाला त्याला शोधत गेला.

काठावर दीर घिरणीचा दांडा फिरवत होता आणि तार मागं सुटत होती. "खटका पाडा आधी!" ती म्हणाली. "तुमच्या भावानं कितीदा दाखवलं तुमाले!" त्यानं खटका पाडला. तार कडक झाली, जीप जागेवर राहिली. मग आम्ही तारेला लागलो. तिनं डाव्या हातानं धरली, मी उजव्या. बेडीतले दोन हात मध्ये. आधी ती हात सरकवायची, मग मी. मागं साहेब. कुठंतरी माझं डोकं पाण्याखाली गेलं. वर आले तेव्हा ती माझ्या कानाशी बडबडत होती. मला वाटलं, देवाचं काही म्हणत असेल. ती म्हणत होती, "टोपण होतं बाई. खरंच होतं. काळं, तारेनं बांधलेलं. माह्या पोरीले सांगजा."

बुडणारी बाई टोपणाबद्दल खोटं बोलत नाही. तिथं माझ्यापुरता तपास संपला.

काठावर जमादारानं बेडी काढली. मी तशीच ओली, परकरावर, दिरासमोर गेले. तो दांडा धरूनच उभा होता, तळहात सोलले होते.

"ट्यूबचं काम तू करतो," मी म्हणाले. "टोपण कोणी बनवलं?"

तो चिखलात बसला. "मीच बनवलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं. मीच दादाले म्हणलं, हे लाव, पट्टा काढत बसू नोको. वहिनीची कटकट मिटन." मग त्यानं भावाच्या जीपकडं बोट केलं. "गाडीजवळ रखवालीले बसलो होतो. बॉनेट उघडलं. टोपणात पाणी भरलेलं होतं. काढलं अन् फेकून देल्लं."

"अन् वहिनीचं नाव घेतलं."

"कोणाचं त घ्या लागत होतं, बाई."

कुठं फेकलं ते त्यानं दाखवलं. बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, ते मिळालं, ट्यूबचा तुकडा आणि पीळ घातलेली तार. पंच हजरच होते, जप्तीचा पंचनामा जागेवर झाला. साहेबांनी तो स्वतः लिहिला. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. कोणीतरी मला धोतर आणून दिलं, ते मी गुंडाळलं.

पुरावा नाही म्हणून तिला कलम १६९ खाली सोडलं, पुढं कोर्टात क समरी मंजूर झाली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला होता असं कागदावर आलं. दिरावर पुरावा नाहीसा केल्याचा गुन्हा लागला. त्याला जामीन तीच राहिली. मी विचारलं, माफ केलं का? तर म्हणाली, "माफ कायचं करू? घरात थोच एक पुरुष माणूस राह्यला, त्याले आत टाकून मी पंक्चरचं दुकान कोणाच्या भरोशावर चालवू?"

यातून काय शिकले असं लोक विचारतात. शिकले ते फार मोठं नाही. आरोपी सांगतो ते सगळं खरं नसतं, पण रस्त्यात खड्डा आहे असं तो म्हणाला तर पाहून घ्यावं. गाडीला जितकं सामान चढतं तितकी माणसाची पाण्याची भीती कमी होते. लोक नवं काही बसवलं की जुनी काळजी सोडून देतात. नवऱ्यानं तेच केलं. आमच्या ड्रायव्हरनं सगळं नियमानं केलं, पट्टा काढला, ग्रीस लावलं, बांबूनं पाणी मापलं, आणि मग हुकूम ऐकला. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली, अनेक फौजदार पाहिले, आणि हुकूम चुकीचा आहे असं तोंडावर सांगायला लागले. त्यामुळं बदल्या फार झाल्या. आता पाय दुखतात आणि असल्या आठवणींचा कंटाळा येतो.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर, एका करंजाच्या मुळांत सापडला. पट्टा त्याच्या खिशातच होता.

जीपमध्ये आम्ही चौघं होतो. ती वाचली, मी वाचले, फौजदार साहेब वाचले.