बारावर अडलेली पट्टी

राहात्याच्या जयमालाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सत्त्याण्णवच्या हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम तिनंच लिहिला. वजन वाढेल तशी पडद्यावरची पट्टी पुढं सरकायची. एका ट्रॉलीचा अंदाज धरून तिनं पट्टीचा कमाल आकडा बारा टन ठेवला. इकडं ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात, हे ती विसरली. पहिल्याच दिवशी उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांनाही पट्टी बारावरच अडली.

"काटा मारतीस व्हय?" म्हणत ऊसवाल्या कानिफनाथनं कोयता पडद्यात घातला. काचांनी तिचा गाल फाटला.

"चूक माझी हाय! आकडा वाढवते!" ती ओरडली.

टेबलावर हात टेकून काट्यावरचे साहेब तिच्या कानाशी वाकले. "बाराच राहू दे. आपल्या पथ्यावरच पडलंय."

जयमालानं पडद्यातला कोयता उपसला आणि साहेबांच्या दोन बोटांमधल्या फटीत टेबलात हाणला.

"वाढवू ना, साहेब?"